सही माझीच होती

परिषदेत मी पडद्यावर जी टक्केवारी दाखवली ती नव्वदीच्या बरीच पुढची होती. नेमका आकडा पुन्हा लिहायची माझी तयारी नाही. तोंडाच्या बायोप्सीची स्लाइड दिली की त्यात कॅन्सर आहे की नाही हे आमचा अल्गोरिदम सांगतो, असं मी भरल्या सभागृहात म्हणाले. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी दोन ज्येष्ठ सरांनी जवळ येऊन पाठ थोपटली. हिशेब तपासला असता तर आकडा बरोबरच निघाला असता. घोळ झाला होता तो हिशेबाच्याही आधी.

मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे, दक्षिण महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात. पॅथॉलॉजी म्हटलं की लोकांना रक्त-लघवीची लॅब आठवते. माझ्याकडे येतात त्या सर्जनने काढलेल्या गाठी, आतड्याचे तुकडे, गर्भाशयं, आणि आमच्या भागात तर तोंडातले व्रण फार. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मावा, मिश्री आणि तंबाखू-चुन्याला कोण अडवणार? आलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये राहतो, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसतो, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे सेक्शन काचेवर घेतले जातात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी. मग मी मायक्रोस्कोपखाली बघते आणि रिपोर्टवर सही करते. माझ्या सरांनी असंच केलं, त्यांच्या सरांनीही.

या कामात बदल आणला तो स्लाइड स्कॅनरने. चाळीसच्या भिंगाने स्कॅन केलेल्या प्रतिमेत एक पिक्सेल साधारण पाव मायक्रॉनचा असतो, त्यामुळे एकाच स्लाइडची फाइल सहज एक जीबीच्या पुढे जाते. २०१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफडीएने फिलिप्सच्या अशा यंत्रणेला मान्यता दिली आणि काच न हाताळता पडद्यावर बघून मूळ निदान करायला तिथे वाट मोकळी झाली. प्रतिमा संगणकात आली की तिच्यावर अल्गोरिदम चालवणं ही पुढची पायरी, आणि त्या पायरीवर उडी मारायची मला घाई झाली होती.

जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली काही हुशार मुलं आली. स्लाइडी मी द्यायच्या, कुठली कॅन्सरची आणि कुठली नाही हे मी सांगायचं, प्रोग्रॅम त्यांनी लिहायचा. एवढी मोठी प्रतिमा एका घासात संगणकाला गिळता येत नाही, म्हणून तिचे हजारो छोटे चौकोनी तुकडे करतात. मुलांनी सगळ्या स्लाइडींचे तुकडे एकत्र मिसळले, मोठा भाग शिकवण्यासाठी ठेवला आणि उरलेल्यावर परीक्षा घेतली. मला हे सांगितलं तेव्हा मी मान डोलावली. एकाच रुग्णाच्या एकाच स्लाइडचे शेजारशेजारचे तुकडे अभ्यासातही होते आणि परीक्षेतही, हे माझ्या लक्षात आलं नाही. पेपर आधीच फुटला होता आणि निकाल बघून मी पेढे वाटत होते.

दुसरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी, कारण ती संगणकाची नव्हती, माझ्याच विषयातली होती. कॅन्सरच्या स्लाइडी आमच्या रुग्णालयातल्या, अलीकडच्या. कॅन्सर नसलेल्या पुरेशा मिळेनात म्हणून मी ओळखीच्या एका दंत महाविद्यालयातून जुन्या पेट्या मागवल्या. त्या स्लाइडी वर्षानुवर्षं उजेडात पडून फिकट झालेल्या. रंग उडालेला आहे हे मला पेटी उघडल्याबरोबर दिसलं होतं. माझी नजर त्या फिकेपणाला सवयीने वळसा घालते, तशीच संगणकाचीही घालेल असं मी गृहीत धरलं. त्याने वळसा घातला नाही. गडद गुलाबी म्हणजे कॅन्सर, फिकट म्हणजे नाही, एवढंच तो शिकला असावा. हे उघडकीला आणलं मुलांपैकी एकीने. शेजारच्या जिल्ह्यातल्या लॅबच्या स्लाइडी चालवून बघितल्या तर निकाल छापा-काट्याच्या आसपास आला. तिने हीटमॅप काढला, म्हणजे कुठल्या जागेमुळे संगणकाने तसा निर्णय दिला ते दाखवणारा रंगीत नकाशा. त्यात ट्यूमरच्या जागेइतकाच लाल रंग साध्या, निरोगी स्नायूवर पसरलेला होता.

"मॅडम, हा मसलला कॅन्सर म्हणतोय," ती म्हणाली. तिने कधी पॅथॉलॉजीचं पुस्तक उघडलेलं नव्हतं.

पुढे वाचताना कळलं की या खड्ड्यात मोठीमोठी माणसंही पडली आहेत. कर्करोगाच्या संशोधनात जगभर वापरला जाणारा टीसीजीए नावाचा अमेरिकी संग्रह आहे. त्यातल्या स्लाइडींवर शिकवलेला अल्गोरिदम ती स्लाइड कुठल्या रुग्णालयातून आली हे रंग आणि पोत बघून ओळखू शकतो, आणि त्यामुळे त्याची अचूकता फुगलेली दिसू शकते, हे २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं. त्याआधी २०१५ मध्ये कबुतरांवरचा एक प्रयोग आला होता. स्तनाच्या कॅन्सरच्या स्लाइडींचे फोटो दाखवून, बरोबर चोच मारली की दाणा, अशी तालीम देऊन कबुतरांना साधी गाठ आणि कॅन्सर यांतला फरक शिकवला होता. नवे फोटोही त्यांनी ओळखले. आमच्या डिपार्टमेंटमध्ये त्यावर महिनाभर विनोद चालले. त्याच लेखातला पुढचा भाग मात्र आम्ही कुणी नीट वाचला नव्हता: मॅमोग्राममधल्या गाठींच्या बाबतीत कबुतरांनी दाखवलेली चित्रं नुसती पाठ केली, नवी पुढे येताच ती गडबडली. माझा अल्गोरिदम या दुसऱ्या प्रकारातला होता.

मी काय करायला हवं होतं? पुढच्या वर्षी त्याच व्यासपीठावर उभं राहून आकडा मागे घ्यायला हवा होता. मी दुसराच विषय घेतला. नंतर एका तरुण सहकाऱ्याने गप्पांच्या ओघात "मॅडम, तुमच्याकडचा रिझल्ट तर जबरदस्त होता" म्हणून माझाच आकडा मला ऐकवला, आणि तोच आधार धरून त्याने त्याच्या कॉलेजात प्रकल्प मागितल्याचं सांगितलं. तेव्हा कुठे मी खरं काय ते बोलले. एकट्याशी बोलणं सभागृहापेक्षा सोपं असतं.

आता काखेतल्या नोडची गोष्ट. ही लिहायला जास्त जड जाते, कारण इथे समोर माणूस होता.

स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लिम्फ नोड काढून येतात. त्यांत आजार पोहोचला आहे का, यावर पुढची बरीचशी ट्रीटमेंट अवलंबून असते. शोधायचा असतो तो कधी कधी दोन मिलिमीटरपेक्षाही लहान ठिपका, तोही लाखो लिम्फोसाइट्सच्या गर्दीत. कंटाळवाणं आणि दमवणारं काम. म्हणूनच अल्गोरिदमवाल्यांनी सुरुवातीला याच कामाला हात घातला. नेदरलँड्समधल्या नाइमेखन आणि उट्रेख्त इथल्या रुग्णालयांच्या स्लाइडी घेऊन २०१६ साली 'कॅमेलिऑन' नावाची स्पर्धा झाली. शिकवायला २७० स्लाइडी, परीक्षेला १२९. निकाल २०१७ च्या अखेरीस 'जामा'मध्ये छापून आला आणि आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरला. १ म्हणजे बिनचूक आणि ०.५ म्हणजे निव्वळ अंदाज अशा मापावर सर्वोत्तम अल्गोरिदमला ०.९९४ मिळाले. वेळेचं बंधन घातलेल्या ११ पॅथॉलॉजिस्टांची सरासरी ०.८१० होती.

आम्ही सगळ्यांनी हेच दोन आकडे वाचले. त्या ११ जणांना १२९ स्लाइडींसाठी साधारण दोन तास दिले होते, म्हणजे एका स्लाइडला मिनिटभरही नाही, हे किती जणांनी पाहिलं? वेळेचं बंधन नसलेल्या एका पॅथॉलॉजिस्टने तेच काम साधारण ३० तास घेऊन केलं आणि ०.९६६ गाठले. तरीही अल्गोरिदम पुढे होता, हे मान्यच करायला हवं. पण माणूस किती मागे, हे त्याला किती वेळ दिला यावर ठरतं. आणि आमच्याकडे वेळच नसतो.

एका कंपनीने आम्हाला असं एक सॉफ्टवेअर काही महिने चाचणीसाठी दिलं. पहिल्याच आठवड्यात त्याने भरपूर लाल ठिपके दाखवले. जाऊन बघितलं तर त्यांतले कितीतरी टीबीचे ग्रॅन्युलोमा. आपल्याकडे नोडमध्ये टीबी सापडणं ही काही बातमी नाही. तिथल्या एपिथेलिऑइड पेशी मोठ्या, फिकट, एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि ज्याने त्या फारशा पाहिलेल्या नाहीत त्याला त्या कॅन्सरसारख्या वाटू शकतात. आम्ही हसलो. "परदेशी पाहुणा आहे, टीबी कुठून ओळखणार," असं कुणीतरी म्हणालंही. त्या हसण्यातून माझ्या मनाने एक निष्कर्ष काढला, जो मी कधी मोठ्याने बोलून पाहिला नाही: हे सॉफ्टवेअर फार भित्रं आहे, नको तिथेही ओरडतं, तेव्हा ते जिथे गप्प बसलंय तिथे नक्कीच काही नसणार. चुकून ओरडणं आणि चुकून गप्प बसणं या दोन वेगळ्या चुका आहेत, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. स्वतःच्या टेबलावर विसरले.

हळूहळू माझी सवय बदलली. आधी हीटमॅप उघडायचा, लाल जागा बघायच्या, मग बाकीच्या स्लाइडवरून एक नजर फिरवायची. 'नजर फिरवणं' कसं असतं हे काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत एका बाईंच्या नोड माझ्याकडे आल्या. मूळ ट्यूमर लोब्युलर प्रकारचा होता. या कॅन्सरच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन बहुधा नसतं, म्हणून त्या गठ्ठा करून राहत नाहीत. एकेकट्या, सुट्या, लहान, लिम्फोसाइट्सच्या गर्दीत मिसळून बसतात. माणसालाही त्या हुलकावणी देतात. लोब्युलर आहे म्हटल्यावर कुठल्याही जुन्या पॅथॉलॉजिस्टने खुर्ची पुढे ओढली असती, शंका आली तर सायटोकेरॅटिनचा स्टेन मागवला असता. हीटमॅपवर एकही लाल ठिपका नव्हता. मी नजर फिरवली आणि सगळ्या नोड निगेटिव्ह म्हणून सही केली.

त्यांच्या घरच्यांनी सेकंड ओपिनियनसाठी स्लाइडी आणि ब्लॉक मुंबईला नेले. तिथे सायटोकेरॅटिन लावल्यावर दोन नोडमध्ये पेशी उमटल्या. तो रिपोर्ट घेऊन त्यांची मुलगी आमच्याकडे आली. रागावलेली नव्हती, तेच जास्त टोचलं. तिने कुठेतरी ऐकलं होतं की आमच्याकडे आता मशीन लावलंय. "पहिला रिपोर्ट कॉम्प्युटरने दिला होता का मॅडम?" तिने विचारलं. हो म्हणणं किती सोयीचं होतं. मी म्हटलं, नाही, सही माझी आहे, बघायचं काम माझं होतं. सुधारित रिपोर्ट काढला, सर्जनना फोन केला. उपचारांचा बेत बदलला आणि काही आठवडे वाया गेले. त्यांचं पुढे काय झालं हे मला माहीत आहे, पण ते सांगायचा अधिकार माझा नाही.

नंतर एक गोष्ट वाचनात आली आणि मी कपाळावर हात मारला. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये एफडीएने प्रोस्टेटच्या बायोप्सीसाठी 'पेज प्रोस्टेट' या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. ती देताना कामाचा क्रम घालून दिला आहे: आधी पॅथॉलॉजिस्टने स्लाइड स्वतः बघायची, मत बनवायचं, आणि मगच सॉफ्टवेअरने सगळ्यात संशयास्पद जागा दाखवायची. मी नेमकं उलटं करत होते. हा क्रम म्हणजे सरकारी कागदावरचा उपचार नाही. आधी उत्तर दिसलं की डोळा शोधायचं थांबवतो, आणि डोळ्याचा मालक कितीही अनुभवी असला तरी थांबवतो.

इतकं वाचून कुणाला वाटेल की बाई आता संगणकाच्या विरोधात गेल्या. उलट, तिसरी चूक मी संगणकाला दाराबाहेर ठेवून केली आहे, तीही या दोन्हींच्या कितीतरी आधीपासून.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये की-६७ नावाची एक तपासणी असते. वाढीला लागलेल्या पेशींची केंद्रकं त्यात तपकिरी होतात आणि शंभरातल्या किती तपकिरी हे सांगायचं असतं. नियमाप्रमाणे शेकडो पेशी मोजायच्या. प्रत्यक्षात बरेच जण, आणि मीही, बघून अंदाज सांगतो. मोजणी करणारं सॉफ्टवेअर आम्हाला फार आधी उपलब्ध झालं होतं. मी ते वापरायला नकार दिला. माझ्या मते ती भावनाशून्य कारकुनी होती. माझी नजर तयार झालेली आहे, असं मी म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. संगणक मोजायला लागला तर माझ्या इतक्या वर्षांच्या नजरेची किंमत काय, ही धास्ती होती.

मग एकदा एका विद्यार्थिनीच्या प्रबंधासाठी माझ्याच जुन्या स्लाइडी, नाव-नंबर झाकून, पुन्हा माझ्यापुढे ठेवल्या गेल्या. मी उत्साहाने आकडे सांगितले. तिने ते जुन्या रिपोर्टांशेजारी मांडले. एक-दोन ठिकाणी फरक इतका होता की मला वाटलं तिने स्लाइडींची अदलाबदल केली. केली नव्हती. तिच्या तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसत होती, जी तिने सौजन्याने बोलून दाखवली नाही: माझे जवळजवळ सगळे आकडे शून्याने नाहीतर पाचाने संपत होते. दहा, पंधरा, वीस, पंचवीस. ट्यूमर काही पाचाच्या पाढ्याने वाढत नाहीत.

हा फक्त माझा दोष नव्हता, हेही खरं आहे. की-६७ वर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ च्या शिफारशींमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की ५ टक्के किंवा त्याखाली आणि ३० टक्के किंवा त्यावर हा आकडा भरवशाचा. मधल्या पट्ट्यात त्याच्यावर केमोथेरपीचा निर्णय टाकू नये. माझे बहुतेक आकडे त्या मधल्याच पट्ट्यातले होते, आणि मी ते ठामपणे लिहीत आले होते. कुणी सर्जन किंवा ऑन्कोलॉजिस्ट 'पंधरा' आणि 'पंचवीस' यांच्यामधल्या दरीवर आपला निर्णय उभा करत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

आज ही मोजणी आम्ही सॉफ्टवेअरने करतो. ते मध्ये घुसलेले लिम्फोसाइट्सही ट्यूमरच्या पेशी म्हणून मोजतं, म्हणून कुठला भाग मोजायचा त्याची रेघ मी आखून देते. ते दमत नाही आणि त्याला पाचाच्या पाढ्याचं प्रेम नाही. या कामात ते माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली.

पैशांची चूक राहिली, ती थोडक्यात. स्कॅनरसाठी ट्रस्टींची मनधरणी मी केली. त्याच वर्षी आमचे जुने टेक्निशियन, ज्यांना सगळे काका म्हणतात, नवा मायक्रोटोम मागत होते. जुन्यावर सेक्शन कधी जाड, कधी पातळ यायचे. मी म्हटलं, काका, आता सगळं डिजिटल होणार आहे. स्कॅनर आला. काकांनी कापलेल्या सेक्शनमध्ये घडी असली की तो नेमका घडीवर फोकस धरायचा आणि शेजारचं सगळं धूसर. कव्हरस्लिपखाली हवेचा बुडबुडा असला की तीच गत. पुन्हा स्कॅन, पुन्हा तेच. एक दिवस काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, मायक्रोस्कोपवर तुम्ही माझी घडी सांभाळून घ्यायचा. हे नाही घेणार." पुढच्या वर्षी मायक्रोटोम आला. क्रम उलटा असता तर बरेच पैसे आणि काकांचा बराच रोष वाचला असता.

आणि मायक्रोटोमच्याही मागे फॉर्मलिन आहे. तुकड्याच्या दहा ते वीस पट फॉर्मलिन हवं, बफर केलेलं हवं. हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या तपासण्यांसाठी स्तनाचा तुकडा त्यात किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. प्रत्यक्षात काय येतं? मोठी गाठ लहानशा बाटलीत कोंबलेली, वर फॉर्मलिनचा नावापुरता थर. कधी नुसत्या सलाइनमध्ये. बफर नसलेल्या फॉर्मलिनमुळे सेक्शनवर काळपट तपकिरी कण बसतात. मला ते कचरा म्हणून कळतात, अल्गोरिदमला कळतीलच असं नाही. कुजत चाललेल्या तुकड्याचं जगातला कुठलाच अल्गोरिदम भलं करू शकत नाही.

माझं मत आता असं बनलं आहे की मोजणं, शोधणं, राहून गेलेलं पुन्हा दाखवणं या कामांत हे अल्गोरिदम आमच्या रोजच्या टेबलावर येतील आणि यायलाच हवेत. ज्या तालुक्यात पॅथॉलॉजिस्ट नाही तिथली स्लाइड स्कॅन होऊन तासाभरात दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञासमोर उघडणं, एवढ्यानेसुद्धा किती फेऱ्या वाचतील! आतड्याच्या कॅन्सरची साधी गुलाबी-निळी स्लाइड बघून त्यातला जनुकीय दोष ओळखण्याचे प्रयोग २०१९ पासून छापून येत आहेत. महागड्या तपासणीला कुणाला पाठवायचं हे त्यावरून ठरवता आलं तर आपल्यासारख्या देशात त्याचं मोल मोठं. पण प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरला मी आता तीन गोष्टी विचारते: तू कुठल्या रुग्णांच्या स्लाइडी बघून शिकलास, परीक्षेला कुठल्या होत्या, आणि आमच्या लॅबच्या स्लाइडींवर तुझं काय होतं. विकायला येणारा तरुण पहिल्या प्रश्नाला माहितीपत्रक काढतो, दुसऱ्याला आकडा सांगतो आणि तिसऱ्याला ऑफिसात फोन करतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही स्कॅनरमध्ये येणार नाही, कारण ती काचेवर नसतेच. टाटा मेमोरियलच्या डॉ. व. रा. खानोलकरांनी सूर्याबाईंच्या साथीने १९४५ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. कमरेला धोतर घट्ट बांधल्याने त्या जागी होणारा त्वचेचा कॅन्सर त्यांनी त्यात नोंदवला. मायक्रोस्कोपखाली तो नेहमीचाच स्क्वॅमस कॅन्सर दिसतो. धोतर दिसत नाही. ते कळलं ते रुग्णाकडे आणि त्याच्या राहणीकडे बघितल्यामुळे. आज माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी फॉर्मवर 'बायोप्सी, लेफ्ट' एवढंच लिहिलेलं असतं. कुठल्या अवयवाची बायोप्सी हेही फोन करून विचारावं लागतं. अशा फॉर्मवर मी जितकी आंधळी, तितकाच अल्गोरिदमही.

म्हणून दोन विनंत्या. सर्जन मित्रांनो, रुग्णाचं वय, व्रण कधीपासून, तंबाखू आहे का, आधी टीबी किंवा रेडिएशन झालं आहे का, एवढं फॉर्मवर लिहा आणि बाटलीत फॉर्मलिन भरपूर घाला. आणि घरात कुणाची बायोप्सी झाली असेल त्यांनी रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि स्लाइडींचीही विचारणा करा. शंका वाटली तर दुसरं मत घ्यायला संकोच करू नका. आम्हाला राग येत नाही, आणि आला तरी तुम्ही घ्या. ब्लॉक मेणाचा असतो. उन्हाळ्यात तो बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.